पट, पत्ते, सोंगट्या: न शिकवता कळतील असे खेळाचे भाग कसे घडवावेत

घरात नवा बैठा खेळ आला की एकजण नियमांची पुस्तिका घेऊन बसतो आणि बाकीचे पेटीतल्या वस्तू हाताळायला लागतात. सोंगटी उचलतात, उलटून बघतात, पटावरच्या खाचेत बसते का ते पाहतात. पुस्तिका वाचणाऱ्याचं तिसरं पान होईपर्यंत या बाकीच्यांनी खेळाबद्दल बरेच अंदाज बांधलेले असतात. ते अंदाज बरोबर निघाले तर खेळ दहा मिनिटांत सुरू होतो. चुकीचे निघाले तर पुस्तिका कितीही सोपी लिहा, दर डावाला कोणीतरी अडतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की नियम जितका जमेल तितका वस्तूतच उतरवा आणि उरेल तेवढाच पुस्तिकेत लिहा. हे कसं करायचं ते एका नमुन्याच्या खेळावर दाखवतो. खेळाचं नाव ठेवू ‘रापण’.

मालवण-वेंगुर्ल्याकडे वाढलेल्याला रापण सांगावी लागत नाही, इतरांसाठी थोडक्यात. होडीतून समुद्रात अर्धगोलात जाळं सोडतात, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणतात आणि दोन्ही बाजूंनी माणसं मिळून ते ओढतात. आलेल्या मासळीचे वाटे पडतात. आपल्या खेळात दोन ते पाच खेळाडू आपापली माणसं दोरांवर लावतील, भरती-ओहोटी सांभाळतील, जाळ्यात येणारी मासळी ओढतील आणि वाटे घेतील.

आधी वही, मग कात्री

रंग, चित्रं, लाकूड या गोष्टींकडे वळण्याआधी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे खेळाडू हाताने काय काय करतो ते लिहा: उचलणं, ठेवणं, सरकवणं, उलटणं, मोजणं, लपवणं. उजवीकडे खेळाडूला काय काय लक्षात ठेवावं लागतं ते लिहा. रापणीच्या उजव्या रकान्यात साधारण असं येईल: भरती असताना खालच्या वाळूवर माणसं उभी करता येत नाहीत, एका दोरावर जास्तीत जास्त चार माणसं, बांगड्याची किंमत दोन, सुरमईची पाच, ज्याची होडी त्याला एक वाटा जास्त, आठव्या फेरीनंतर खेळ संपतो.

हा उजवा रकाना रिकामा करायचा आहे. प्रत्येक ओळीपुढे क्रमाने विचारा. ही गोष्ट एखाद्या वस्तूने झाकून किंवा अडवून सांगता येईल का? आकाराने सांगता येईल का? जिथे लागते नेमकी तिथेच छापता येईल का? तिन्हींचं उत्तर नाही आलं, तर तो नियम खेळात ठेवायचाच का, हे पुन्हा एकदा तपासा. बहुतेक वेळा तो काढला तरी खेळ बिघडत नाही.

भरतीचंच घ्या. ‘भरतीत खालच्या दोन ओळी बंद’ असं पुस्तिकेत लिहिलं तर ते कोणीतरी विसरणार. त्याऐवजी निळ्या जाड कागदाचा एक पट्टा पटाच्या समुद्राकडच्या बाजूने वर सरकेल असा बसवा. भरती आली की पट्टा वर सरकतो आणि खालची घरं झाकली जातात. झाकलेल्या घरावर कोणी माणूस ठेवत नाही आणि तसं सांगावंही लागत नाही. पट्ट्याच्या कडेला सहा खुणा पाडा, कारण भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास जातात आणि एक खूण म्हणजे एक तास हे किनाऱ्यावरच्या माणसाला लगेच पटतं.

चार माणसांचा नियम तर नुसत्या खाचांनी सुटतो. दोरावर चार खाचा कापा. पाचवं माणूस ठेवायला जागाच नाही.

खेळाचा शेवट कॅलेंडरने सांगा. महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, आणि खवळलेल्या दर्यात रापणही कोणी घालत नाही. फेऱ्या मोजायची पट्टी ऑक्टोबरपासून मेपर्यंत काढा आणि पुढे ओढून घेतलेली होडी दाखवा. आठ महिने, आठ फेऱ्या. नियम वस्तूतच उतरवायची हीच रीत दर्जेदार विदेशी खेळांतही दिसते. ‘टेरा मिस्टिका’ या २०१२ च्या खेळात प्रत्येकाच्या छोट्या पटावर इमारती ठेवलेल्या असतात. बांधण्यासाठी इमारत उचलली की तिच्याखाली छापलेलं उत्पन्न उघडं पडतं. आता आपली मिळकत किती, हा हिशेब कोणाला डोक्यात ठेवावा लागत नाही. आपणही वाट्यांचा पट असाच केला, तर ‘होडीवाल्याला एक वाटा जास्त’ हा नियम होडीच्या खाली एक जादा टोपली छापून संपतो.

आपल्याच घरातले दोन दाखले

चार कवड्या टाकून चल्लस-आठ खेळलेला कोणीही सांगेल की कवडी शिकवायला अर्धं मिनिट लागतं. जितकी तोंडं वर तितकी घरं. लहान पोरालाही कवडीचं तोंड आणि पाठ यांतला फरक बोटाने कळतो. एकच गोष्ट सांगावी लागते, की चारही पालथ्या पडल्या तर आठ. एका वस्तूला एक अपवाद माणूस आनंदाने लक्षात ठेवतो, उलट त्याची गंमत वाटते. दुसरा अपवाद घातला की गोंधळ सुरू.

दुसरा दाखला सावंतवाडीच्या गंजिफ्याचा. दशावतारी गंजिफ्याचे १२० पत्ते, दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येक गटात राजा, प्रधान आणि एक ते दहा. पत्ता गोल, त्यामुळे हातात कसाही आला तरी धरता येतो, ही त्याची मोठी सोय. गटाला स्वतःचा जमिनीचा रंग आणि स्वतःचं चिन्ह, म्हणजे ओळखायला दोन खुणा. इथपर्यंत आजच्या कोणत्याही रचनाकाराने वाकून नमस्कार करावा असं काम आहे. पण पाच गटांत दहा हा आकडा एकाहून मोठा आणि उरलेल्या पाच गटांत उलटं, एक मोठा आणि दहा सर्वांत लहान. कोणते पाच गट उलटे हे पत्त्यावर कुठेच लिहिलेलं नाही, ते पाठ असावं लागतं. पिढ्यान् पिढ्या खेळणाऱ्या घरात ते चालून गेलं. आज नव्याने शिकणारा तिथेच थांबतो. मला गंजिफा मनापासून प्रिय आहे आणि म्हणूनच वाटतं, की नवा संच करणाऱ्याने उलट्या गटांच्या पत्त्यांना काठावर एक वेगळी नक्षी द्यावी. परंपरेला धक्का लागत नाही आणि खेळणाऱ्यांची संख्या वाढते.

आकार आधी, रंग नंतर

रापणीतली मासळी गोल चकत्यांवर चित्र छापूनही दाखवता येईल. पण पापलेट चौकोनी-पसरट, सुरमई लांबोडी, कोळंबी हुकासारखी वळलेली, बांगडा दोन्हीकडे निमुळता. या बाह्याकृतीच इतक्या वेगळ्या आहेत की लाकडाची चकती त्या आकारातच कापली तर नाव छापावं लागत नाही. किनाऱ्यावरचं पोर बघताक्षणी ओळखतं. नागपूरच्या खेळाडूला कदाचित सुरमई नावाने ठाऊक नसेल, पण लांबोडी आणि वळलेली यांतला फरक त्यालाही दिसतो. दोघांसाठी काम झालं. तारली मात्र घेऊ नका. बांगडा आणि तारली लाकडात कापले की ओळखायला चुका होतात, आणि दोन वस्तू जवळपास सारख्या दिसत असतील तर खेळाडू त्यांचं कामही सारखंच समजतो.

किंमतही आकारात येऊ द्या. पाच किमतीची सुरमई दोन किमतीच्या बांगड्यापेक्षा हाताला मोठी लागली पाहिजे. मोठी वस्तू स्वस्त आणि छोटी महाग असा उलटा मेळ घातला, तर शेवटच्या फेरीपर्यंत लोक चुकत राहतात.

रंगाचं काम फक्त ‘हे कोणाचं’ एवढं सांगण्याचं ठेवा आणि तिथेही रंगाला एकटं सोडू नका. लाल-हिरवा फरक न दिसणारे पुरुष आपल्यात असतात. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के धरतात. ‘तिकीट टू राइड’ या २००४ च्या खेळात आगगाडीच्या पत्त्यांवर प्रत्येक रंगाबरोबर वेगळं चिन्हही असतं, ते याचसाठी. आपल्या पाच खेळाडूंच्या माणसांना पाच वेगळ्या टोप्या द्या: एकाला कोळ्याची त्रिकोणी टोपी, एकाला मुंडासं, एकाला पाटी, असं. तपासायला सोपा उपाय आहे. सगळ्या सोंगट्यांचा फोटो मोबाइलमध्ये कृष्णधवल करून बघा. त्यातही पाचही वेगळ्या ओळखू आल्या तर पुढे जा.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे. जून ते सप्टेंबर वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि खेळ मांडायचे दिवसही नेमके तेच. पिवळ्या मंद उजेडात पिवळी आणि पांढरी सोंगटी एक होते, निळी आणि जांभळी काळी दिसते. हे संगणकाच्या पडद्यावर कधीच कळणार नाही. रात्री कंदील लावून, नाहीतर मोबाइलची बॅटरी उपडी ठेवून, पट मांडून बघा.

पत्ता: कोपरा, अक्षर, आकडा

पत्ते हातात पंख्यासारखे धरले की प्रत्येकाची जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर कड दिसते. निर्णय घ्यायला लागणारं सगळं त्या कडेत आलं पाहिजे. नेहमीच्या बावन्न पत्त्यांवर कोपऱ्यातला आकडा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. त्याआधी मधली चिन्हं मोजावी लागत. उजव्या हाताचा माणूस पंखा धरतो तेव्हा डावा वरचा कोपरा दिसतो, डावखुरा बहुधा उलटा पंखा धरतो, म्हणून खूण वरच्या दोन्ही कोपऱ्यांत द्या. वर किंमत, तिच्याखाली प्रकार, मध्यभागी चित्र, तळाला मजकूर. हा क्रम सगळ्या पत्त्यांवर एकच ठेवा. एका पत्त्यावर चित्र छान बसतं म्हणून आकडा हलवण्याचा मोह होतो. तो टाळा.

देवनागरीसाठी वेगळी काळजी लागते आणि बाहेरच्या मार्गदर्शक लेखांत ती सापडत नाही. आपल्या अक्षराला वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, आणि जोडाक्षरात तर अर्धी अक्षरं एकमेकांत घुसलेली. रोमन लिपीला पुरतं ते ओळींमधलं अंतर आपल्याला कमी पडतं. ‘र्क्यू’ आणि खालच्या ओळीची ‘कीं’ एकमेकांवर आदळतात. पत्त्यावरचा मजकूर १० पॉइंटखाली नेऊ नका आणि ओळींमध्ये अक्षराच्या आकाराच्या जवळजवळ दीडपट अंतर ठेवा. ‘एक टाइप’ या अक्षरं घडवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे टंक (फॉन्ट) मोफत मिळतात. मजकुराला मुक्ता आणि नावाला बालू, हे जोडकाम छोट्या पत्त्यावर चांगलं वाचता येतं. शिरोरेषा फार बारीक असलेला टंक मंद उजेडात तुटक दिसतो, तो घेऊ नका.

आकड्यांत १ आणि ९ यांची गफलत टेबलाच्या पलीकडून हमखास होते. शिवाय इंग्रजी शाळेतल्या नातवंडांना देवनागरी आकडे चटकन वाचता येत नाहीत आणि आजीला रोमन नको असतात. दोघांना एका खेळात बसवायचं तर आकड्याखाली तितके ठिपके द्या. ठिपके दुसरंही काम करतात. ‘कॅटन’ या १९९५ च्या खेळात दोन फाशांची बेरीज दाखवणाऱ्या चकत्यांवर आकड्याखाली ठिपके असतात. ३६ पैकी जितक्या प्रकारांनी ती बेरीज पडते तितके. ६ आणि ८ वर पाच-पाच ठिपके आणि आकडा लाल. गणित न येणाऱ्यालाही कळतं की इथे जास्त वेळा मिळणार. पण एकाच खेळात ठिपक्यांना दोन अर्थ देऊ नका. किंमत दाखवायला ठिपके वापरले तर शक्यता दुसऱ्या खुणेने दाखवा.

पटावरच्या मजकुराची दिशाही लक्षात घ्या, कारण ओट्यावर माणसं चारही बाजूंनी बसतात. ‘कोडनेम्स’ या २०१५ च्या खेळात प्रत्येक पत्त्यावर शब्द दोनदा छापलेला असतो, एकदा सुलटा, एकदा समोरच्यासाठी. आपल्या पटावर शब्द शक्यतो नकोतच. लागलेच तर काठाने, बाहेरच्या बाजूने वाचता येतील असे.

नमुना घरातल्या वस्तूंचा

पहिला नमुना देखणा केला की त्यात बदल करायला जीव होत नाही. म्हणून तो चिंचोके, सुपाऱ्या, करवंटीचे तुकडे, जुन्या कॅरमच्या सोंगट्या यांचाच करा. पत्त्यांसाठी साध्या कागदाच्या चिठ्ठ्या लिहून प्लॅस्टिकच्या पत्ता-पाकिटात घाला, मागे आधाराला जुना पत्ता. पाकिटं ६३ × ८८ मिलिमीटरच्या नेहमीच्या मापाची घ्या. नियम बदलला की चिठ्ठी बदला, पत्ता तोच. पट जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूला काढा.

जाळं दाखवायला खराखुरा दोरा वापरावासा वाटेल. दिसायला सुंदर असतो, पण हात लागला की सरकतो, सरळ करायला दोन हात लागतात आणि दर वेळी त्याचा अर्धगोल वेगळा पडतो. पटावर छापलेला अर्धगोल आणि त्यावर सरकणारा लाकडी तुकडा हे रूक्ष वाटलं तरी खेळायला सुखाचं. दोऱ्याचा मोह असेल तर पेटी बांधायला वापरा.

सोंगटीचं माप आपल्या बोटांनी ठरवू नका. आजोबांची बोटं आणि सहा वर्षांच्या मुलाची बोटं, दोन्हींनी उचलून पाहा. १६ मिलिमीटरच्या आसपासचा तुकडा बहुतेकांना सोयीचा पडतो. घर मात्र सोंगटीपेक्षा चार-पाच मिलिमीटर मोठं हवं, म्हणजे बोट आत शिरतं. लाकडी संच करायचा झाला तर सावंतवाडीतल्या लाकडी खेळणी करणाऱ्या कारागिरांकडे कागदावरचा आराखडा नेण्याऐवजी सुपारीचा नमुना हातात द्या. कुठली कड बोटाला टोचेल हे ते बघूनच सांगतात.

गप्प बसून बघा

आता खरी परीक्षा. पट मांडा, वस्तू ठेवा, माणसं बोलवा आणि स्वतः तोंड बंद ठेवा. कोकणात यासाठी गणपतीसारखे दिवस नाहीत: मुंबईहून चाकरमानी आलेले, घरात तीन पिढ्या, आरतीनंतर सगळे पडवीत. पण सगळ्यांना एकाच रात्री खेळ दाखवू नका. एकदा शिकलेला माणूस पुन्हा नवखा होत नाही. आज तिघांना बसवा, काय अडलं ते दुरुस्त करा, उद्या दुसऱ्या तिघांना.

कागदावर उत्तरं नको, प्रश्न टिपा. हात पहिल्यांदा कुठे गेला, कुठे थबकला, कोणता प्रश्न आला. कोणी ‘ह्यां खंय ठेवूचां?’ विचारलं तर त्या वस्तूला पटावर जागा दिसत नाही. तिच्या आकाराची पुसट सावली तिथे छापा. ‘किती घ्यायचे?’ आलं तर तितक्या खाचा हव्यात. ‘पाळी कोणाची?’ असं दोनदा ऐकू आलं तर एक जड, हातातून हातात जाणारी वस्तू हवी. रापणीत ती तांडेलाची, म्हणजे होडीवरच्या म्होरक्याची, सोंगटी असेल. ज्याच्यापुढे तांडेल त्याची पाळी.

सर्वांत मोलाचा क्षण वेगळा आहे. खेळाडू काहीही न विचारता, पूर्ण आत्मविश्वासाने चुकीची गोष्ट करतो. म्हणजे वस्तू काहीतरी स्पष्ट सांगते आहे, फक्त ते तुमच्या नियमाच्या विरुद्ध आहे. अशा वेळी पुस्तिकेत ठळक अक्षरात सूचना घालू नका. वस्तू बदला. किंवा, आणि हे अनेकदा जास्त चांगलं ठरतं, नियमच त्या खेळाडूने केलं तसा करा. लोक सुरमई जाळ्यातून थेट आपल्या टोपलीत टाकत असतील आणि तुमच्या नियमात ती आधी वाळूवर यावी लागत असेल, तर वाळूची पायरी खरंच हवी आहे का?

दमट हवा आणि छपाई

कागद ओल पितो. पत्त्याला एकाच बाजूने लॅमिनेशन केलं तर उघडी बाजू हवेतल्या ओलीने फुगते आणि पत्ता वाकतो. दोन्ही बाजू सारख्या करा. पटाचंही तेच: दोन मिलिमीटर पुठ्ठ्यावर वरून छापील कागद चिकटवला की खालूनही चिकटवा, नाहीतर श्रावणात पट होडीसारखा वर येतो. पत्त्यांना ३०० ते ३५० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) कागद, छपाईला चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जादा रंग आणि कापायच्या रेषेपासून तितकंच आत मजकूर. लॅमिनेशन मॅट घ्या. चकचकीत पृष्ठभागावर बल्ब चमकतो आणि नेमका कोपऱ्यातला आकडा दिसत नाही. पडवीतल्या वाऱ्याला हलक्या कागदी चकत्या टिकत नाहीत, म्हणून पटावर सुटं ठेवायचं ते लाकडाचं आणि कागदी असेल ते खाचेत.

पेटी

पेटी उघडणं हा खेळ शिकण्याचा पहिला भाग आहे, म्हणून तिच्याकडेही तितकंच लक्ष द्या. जे आधी लागतं ते वर: पट, भरतीचा पट्टा, मग खेळाडूंचे संच वेगवेगळ्या पिशव्यांत, सर्वांत खाली मासळी. पटावर सुरुवातीच्या जागा सोंगट्यांच्या सावल्यांनी दाखवा, म्हणजे मांडणीचं पान लागणार नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला भरलेल्या पेटीचं चित्र आणि प्रत्येक वस्तूची संख्या छापा, आवरताना मोजता येतं. प्रत्येक मासळीच्या दोन जादा चकत्या घाला. आणि पावसात उघडताना पेटीत सिलिका जेलची एक पुडी ठेवा, ती दर हंगामात बदला.